पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर : चिंता शिवचरणी, कर्तव्य हाती

मनुष्यजन्म आला की चिंता आलीच. कोणी आजारी माणसासाठी, कोणी कर्जापायी, कोणी लेकराबाळांच्या काळजीने व्याकूळ होऊन देवाच्या दारी येतो. अशा भाविकांनी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे चरित्र अवश्य मनन करावे. काशीपासून वेरूळपर्यंत अनेक तीर्थक्षेत्री ज्यांच्या दातृत्वाच्या खुणा दिसतात, त्या मातेच्या वाट्याला आलेले दुःख फार थोड्यांना ठाऊक असते.

जन्म व विवाह

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी सध्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकर यांनी या सात्त्विक कन्येस आपली सून म्हणून निवडले आणि पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह करून दिला. सासऱ्यांच्या देखरेखीखाली त्या हिशेब, पत्रव्यवहार व कारभार शिकल्या.

दुःखाचे डोंगर

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. त्या वेळी अहिल्याबाईंची तिशीही उलटली नव्हती. त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या. परंतु वृद्ध मल्हाररावांच्या विनवणीमुळे त्यांनी तो विचार सोडला व प्रजेसाठी जगण्याचे व्रत स्वीकारले. १७६६ साली मल्हाररावही निवर्तले. गादीवर आलेले एकुलते पुत्र मालेराव पुढच्याच वर्षी आजारी पडले. ही माता रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून ईश्वराचा धावा करीत राहिली. तरीही पुत्र वाचला नाही.

येथे क्षणभर थांबावे. प्रार्थना करूनही जे मागितले ते मिळाले नाही, असा प्रसंग आपणा सर्वांच्या आयुष्यात येतो आणि श्रद्धा डळमळते. अहिल्याबाईंनी मात्र देवाकडे पाठ फिरविली नाही. शोकाचे दिवस सरण्यापूर्वीच राज्यावर संकट आले. होळकरांची दौलत ताब्यात घेण्याच्या हेतूने राघोबादादा सैन्यासह माळव्यात आले. बाईंनी धीर न सोडता आपले सैन्य सज्ज केले व थोरले माधवराव पेशवे यांच्याकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा पक्ष घेतला आणि युद्ध टळले. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथून २८ वर्षे राज्यकारभार पाहिला.

नित्यक्रम

राज्य श्री शंकराचे आणि आपण केवळ त्याच्या सेवक, ही त्यांची दृढ धारणा होती. त्यांच्या राज्याचे हुकूमही श्री शंकराच्या नावानेच निघत. सूर्योदयापूर्वी उठून त्या प्रार्थना करीत. नंतर पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान व साधे भोजन होई. दुपारी २ ते सायंकाळी ६ पर्यंत दरबार, पुढे पुन्हा पूजापाठ आणि रात्री ९ ते ११ पर्यंत राज्याची कामे, असा त्यांचा दिनक्रम इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी नोंदवून ठेवला आहे. प्रार्थनेचा वेळ कामाने गिळला नाही आणि प्रार्थनेच्या नावाखाली एकाही फिर्यादीची दाद मागे राहिली नाही.

देवकार्य

काशी येथे १७८० च्या सुमारास श्री विश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले. १७८३ मध्ये सोमनाथ येथे मंदिर, १७८७ मध्ये गया येथे विष्णुपद मंदिर आणि वेरूळ येथे श्री घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार ही त्यांच्या कार्यातील काही ठळक नावे. याखेरीज घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांची गणती करणे कठीण. हा खर्च त्यांनी आपल्या खासगी उत्पन्नातून केला. ज्या यात्रेकरूला त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, त्याच्या तहानेची काळजी त्यांनी वाहिली.

अखेरचे दुःख

उतारवयातही दैवाने परीक्षा सोडली नाही. नातू नथ्याबा गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती निघाल्या. आईने पायाशी लोळण घेऊन विनवणी केली, पण कन्या मागे फिरली नाही. तीन दिवस बाईंनी अन्नास स्पर्श केला नाही. त्यानंतर त्या उठल्या आणि पुन्हा पूजेला व कामाला लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

भाविकांसाठी बोध

देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. जे आपल्या हाती नाही ते त्याच्या चरणी ठेवावे आणि जे हाती आहे ते त्याची सेवा समजून करावे. प्रार्थनेने अहिल्याबाईंचे दुःख टळले नाही, परंतु त्या दुःखाखाली त्या दबून गेल्या नाहीत. आपणही दर्शनानंतर सभामंडपात घटकाभर शांत बसावे, मनातील काळजी देवाला सांगावी आणि परतताना आपल्याहून अधिक दुःखी असलेल्या एखाद्या जिवाला हात द्यावा. हीच त्या मातेला खरी आदरांजली होय.

॥ शुभं भवतु ॥