अर्ज नामंजूर

इटलीच्या उत्तर भागात बुस्सेतो नावाचे छोटे शहर आहे. त्याच्याजवळ सांतागाता या ठिकाणी ज्युसेप्पे व्हर्दी या थोर ऑपेरा-रचनाकाराने आयुष्याची अखेरची पन्नास वर्षे काढली. शेती केली, झाडे लावली, घोडे पाळले आणि अधूनमधून जगाला वेड लावणारे संगीत लिहिले. मानसन्मानांची त्याला वाण नव्हती. पण त्याने जन्मभर जपून ठेवलेल्या कागदांत एक साधा अर्ज होता. १८३२ च्या जून महिन्यात, मिलानच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्याने केलेला. हा अर्ज फेटाळला गेला, अशी नोंद त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या माणसाला हा कागद फाडून टाकावासा वाटला नाही, यातच त्या जखमेची खोली कळते.

व्हर्दीचा जन्म १८१३ च्या ऑक्टोबरातला, बुस्सेतोजवळच्या रोंकोले या खेड्यातला. वडील कार्लो खाणावळवजा दुकान चालवीत. आई लुइजा सूत कातणारी. मुलगा चर्चमधील ऑर्गनचे सूर ऐकून हरखून जातो हे पाहून या गरीब बापाने त्याच्यासाठी एक जुना स्पिनेट, म्हणजे पियानोच्या पूर्वजांपैकी एक लहानसे वाद्य, विकत घेतले. ते मोडकळीला आले तेव्हा काव्हालेत्ती नावाच्या कारागिराने ते दुरुस्त केले आणि मुलाची शिकण्याची ओढ हाच आपला मोबदला, असे वाद्याच्या आत लिहून पैसे घेतले नाहीत. हा स्पिनेट आजही मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाच्या संग्रहालयात पाहायला मिळतो.

पुढचे शिक्षण बुस्सेतोत झाले. तिथे दोन माणसे त्याच्या आयुष्यात आली. एक चर्चचा ऑर्गनवादक आणि संगीतशिक्षक प्रोवेझी. दुसरा आन्तोनियो बारेत्सी. हा किराणा मालाचा घाऊक व्यापारी. पण संगीताचा नाद असा, की गावातील वादकमंडळाच्या बैठका त्याच्याच घरी भरत. बारेत्सीने व्हर्दीला घरात ठेवून घेतले. व्हर्दी त्याची मुलगी मार्गेरिता हिला संगीत शिकवू लागला आणि शिकवता शिकवता दोघांचे मन जुळले. अठराव्या वर्षापर्यंत व्हर्दीने गावच्या बँडसाठी आणि चर्चसाठी भरपूर रचना केल्या होत्या. बुस्सेतोच्या दृष्टीने तो गावाचा हिरा होता. आता मिलानला जायचे, विद्यालयात नाव घालायचे आणि संगीतकार होऊन परतायचे, हे जणू ठरूनच गेले होते.

मात्र खर्च मोठा होता. गावातील एका धर्मादाय संस्थेने वर्षाला तीनशे लिरांची शिष्यवृत्ती मंजूर केली, पण ती १८३३ च्या अखेरीस सुरू होणार होती. तोवरचा भार बारेत्सीने उचलला. म्हणजे मुलगा मिलानला निघाला तो एकट्याच्या हिमतीवर नव्हे. बापाची अब्रू, बारेत्सीचा पैसा आणि सगळ्या गावाची अपेक्षा गाठोड्यात बांधून निघाला होता.

इटली तेव्हा एक देश नव्हता. बुस्सेतो पार्माच्या संस्थानात, तर मिलान ऑस्ट्रियाच्या अमलाखाली. पार्माहून मिलानला जायचे तर पारपत्र लागे. विद्यालयाच्या नियमाप्रमाणे प्रवेशासाठी वय नऊ ते चौदा असावे लागे. व्हर्दी अठरा पूर्ण करून पुढे गेला होता. शिवाय तो त्या राज्याचा प्रजाजन नव्हता, परका होता. असामान्य गुणवत्ता दिसल्यास वयाची अट शिथिल करता येईल, एवढाच काय तो आशेचा धागा. व्हर्दीने अर्जात त्याच धाग्याला धरून विनंती केली होती.

परीक्षा झाली. त्याने हेन्री हर्त्सची एक रचना पियानोवर वाजवून दाखवली आणि स्वतः लिहिलेल्या काही रचना परीक्षकांपुढे ठेवल्या. पियानोचा अध्यापक आंजेलेरी याने सांगितले, की या मुलाची हात ठेवण्याची पद्धत चुकीची आहे आणि अठराव्या वर्षी ती बदलणे अवघड आहे. रचनांची तपासणी बासिली या ज्येष्ठ अध्यापकाने केली. त्याचा अभिप्राय असा, की मुलाने काउंटरपॉइंटचा अभ्यास मन लावून आणि धीराने केला तर त्याच्याजवळ जी कल्पनाशक्ती आहे तिला तो लगाम घालू शकेल आणि रचनाकार म्हणून नाव काढील. काउंटरपॉइंट म्हणजे दोन, तीन, चार स्वरावली एकाच वेळी, परस्परांना सांभाळत आणि तरीही स्वतंत्रपणे चालवण्याचे शास्त्र. एका वेळी एकाच स्वरावलीचा विस्तार करणाऱ्या आपल्या रागसंगीतात त्याला समांतर असे काही नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र ते विद्यार्थ्याच्या व्याकरणाची कसोटी मानले जाते.

विद्यालयात जागाही अपुऱ्या होत्या. आधीच वय जास्त, त्यात परका, त्यात हाताचे वळण बिघडलेले. जुलैमध्ये नकार आला.

या प्रसंगाची गोष्ट सांगताना परीक्षकांना मूर्ख ठरवण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. बासिलीचा अभिप्राय आज वाचला तर त्यात चुकीचे काय सापडते? गुण त्याने नेमका ओळखला होता आणि उणीवही. आंजेलेरीची तक्रार तर पियानोवादक घडवणाऱ्या माणसाची तक्रार होती. खेड्यातल्या स्पिनेटवर आणि चर्चच्या ऑर्गनवर वाढलेल्या बोटांना शिस्त नसणे स्वाभाविकच. नियमही स्पष्ट होते. चूक झाली ती एवढीच, की नियमाला अपवाद करण्याचा अधिकार हाती असताना तो वापरला गेला नाही. पण ज्याच्या पदरी नकार येतो त्याला असली कारणमीमांसा उपयोगाची नसते. व्हर्दीला ती आयुष्यभर पटली नाही.

त्या वेळी त्याच विद्यालयात ज्युसेप्पिना स्त्रेप्पोनी नावाची एक मुलगी गाणे शिकत होती. व्हर्दीहून दोन वर्षांनी लहान. १८३० मध्ये तिला प्रवेश मिळाला होता. दाराच्या आत ती आणि दाराबाहेर तो. पुढे दहा वर्षांनी तिने व्हर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरात प्रमुख भूमिका गायली आणि कालांतराने ती त्याची पत्नी झाली.

नकारानंतर बुस्सेतोला परतणे सोपे होते. गावात ऑर्गन होता, शिकवण्या होत्या, मार्गेरिता होती. पण प्रोवेझीचा स्नेही आणि ला स्कालाच्या वाद्यवृंदाचा प्रमुख आलेस्सांद्रो रोल्ला याने त्याला सल्ला दिला, की विद्यालयाचा नाद सोड आणि शहरातला एखादा गुरू धर. व्हर्दीने विन्चेन्त्सो लाविन्या याची निवड केली. लाविन्या ला स्कालात अनेक वर्षे काम केलेला जाणता माणूस होता. खासगी शिकवणी म्हणजे खर्च कितीतरी अधिक; राहण्याजेवणाचेही वेगळे. बारेत्सीने पुन्हा पिशवीत हात घातला. नकार आलेल्या मुलामागे दुसऱ्यांदा पैसे लावायला पहिल्या वेळेपेक्षा मोठी छाती लागते. व्हर्दीच्या चरित्रात मला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो हा किराणा दुकानदार.

लाविन्याने जवळजवळ तीन वर्षे व्हर्दीकडून कॅनन आणि फ्यूग ही काउंटरपॉइंटची अवघड प्रकरणे घोटून घेतली. म्हणजे बासिलीने सांगितलेले औषधच त्याने घेतले. फक्त दवाखाना वेगळा. व्हर्दीने उतारवयात एक आठवण सांगितली आहे. एका संध्याकाळी बासिली लाविन्याकडे आला आणि तक्रार करू लागला, की मोंझाच्या चर्चमधील जागेसाठी आलेल्या अठ्ठावीस उमेदवारांपैकी एकालाही दिलेल्या विषयावर धड फ्यूग लिहिता आला नाही. लाविन्याने तोच विषय कोपऱ्यात बसलेल्या आपल्या शिष्यापुढे टाकला. थोड्या वेळाने व्हर्दीने फ्यूग पुरा करून दिला, वर त्यात एक दुहेरी कॅननही गुंफला. विषय फारच किरकोळ वाटला म्हणून जरा सजवला, असा खुलासा केला. ही आठवण सांगताना म्हातारा व्हर्दी गालातल्या गालात हसला असणार यात शंका नाही.

हातांच्या वळणाचाही हिशेब असाच चुकता झाला. १८३४ मध्ये मिलानच्या एका हौशी मंडळात हायडनच्या ‘द क्रिएशन’ची तालीम होती. तालमीची धुरा सांभाळणारे संगीतकार आलेच नाहीत. व्हर्दीला पियानोवर साथ करायला बसवले. हळूहळू तो असा रंगला, की डाव्या हाताने वाजवत उजव्या हाताने सगळ्या गायकांना इशारे देऊ लागला. तालीम संपताच त्याच्याभोवती गर्दी झाली आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाचे संचालनही त्याच्याकडे आले. या मंडळाचा संचालक मास्सीनी याच्याच प्रोत्साहनातून पुढे पहिल्या ऑपेराची वाट उघडली.

पण वाट सरळ नव्हती. प्रोवेझीच्या मृत्यूनंतर बुस्सेतोतील चर्चची जागा व्हर्दीला न देता दुसऱ्यालाच दिली गेली. त्यावरून गावात दोन तट पडले, भांडणे झाली. अखेर १८३६ मध्ये स्पर्धा-परीक्षा देऊन तो गावाचा संगीतशिक्षक झाला. त्याच वर्षी मार्गेरिताशी लग्न. १८३९ च्या नोव्हेंबरात ‘ओबेर्तो’ ला स्कालात रंगमंचावर आला. याच काळात त्याची मुलगी गेली, मुलगा गेला आणि १८४० च्या जूनमध्ये मार्गेरिताही गेली. त्या दुःखात लिहिलेला विनोदी ऑपेरा प्रेक्षकांनी पहिल्याच रात्री धुडकावला. पुन्हा लेखणी हाती धरायची नाही, इथपर्यंत त्याची मजल गेली. या घावापुढे विद्यालयाचा नकार म्हणजे ओरखडाच म्हणायचा. ९ मार्च १८४२ रोजी ‘नाबुक्को’ झाला आणि त्याच शरद ऋतूत ला स्कालात त्याचे ५७ प्रयोग झाले. पुढची कहाणी सर्वश्रुत आहे : ‘रिगोलेत्तो’, ‘इल त्रोव्हातोरे’, ‘ला त्राव्हियाता’, कैरोत झालेला ‘आयदा’ आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलेला ‘फाल्स्ताफ’. ‘मॅकबेथ’ त्याने १८४७ मध्ये बारेत्सीला अर्पण केला.

मात्र विद्यालय या शब्दाशी त्याचे कधी जुळले नाही. १८७१ मध्ये नेपल्सच्या नामांकित संगीत विद्यालयाचे संचालकपद चालून आले. त्याने ते नाकारले. गंमत अशी, की नकाराच्या त्याच पत्रात विद्यार्थ्यांनी काय शिकावे हे सांगताना त्याने फ्यूगचा सराव कंटाळा येईपर्यंत करावा असा आग्रह धरला. बासिलीला हे वाचायला मिळायला हवे होते.

अखेरच्या वर्षांत मिलानच्या विद्यालयाला व्हर्दीचेच नाव देण्याचा विचार सुरू झाला. त्याने कडाडून विरोध केला. तरुण असताना ज्यांना मी नको होतो त्यांना म्हातारपणी माझे नाव कशाला हवे, असा त्याचा रोख होता. २७ जानेवारी १९०१ रोजी मिलानमध्येच त्याचे निधन झाले आणि विरोध करणाराच उरला नाही. विद्यालयावर आज त्याचेच नाव आहे.

स्वतःच्या पैशाने मात्र त्याने त्याच शहरात वेगळीच वास्तू बांधली होती. आयुष्यभर संगीताची चाकरी करून उतारवयात निर्धन झालेल्या गायक-वादकांसाठी विश्रामगृह. कोणी आभार मानायला येऊ नये म्हणून ते आपल्या मृत्यूनंतरच उघडावे, अशी त्याची इच्छा होती. १९०२ मध्ये ते उघडले. व्हर्दी आणि ज्युसेप्पिना यांना तिथेच चिरविश्रांती मिळाली आहे. त्या विश्रामगृहात वृद्ध कलावंतांच्या सोबतीने संगीत शिकणारे काही तरुणही राहतात. त्यांतले काही जण सकाळी उठून त्याच विद्यालयात शिकायला जातात.