परक्या मुलखात घरे बांधणारा माणूस : पिएर सेरेसोल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील आपल्या भाविकांना घर कोसळणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा परिसर हादरला आणि पाटण तालुक्यातील दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहर व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली घेतली. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी घरांवर आल्या. अशा आपत्तीनंतर दूरवरून माणसे धावून येतात, काही दिवस राबतात आणि परततात. परदेशातून येऊन घरे बांधणाऱ्यांचा मोठा मेळावा आपल्या पुणे धर्मप्रांताच्या परिसरातही झाला आहे. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासह सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी एका आठवड्यात शंभर घरांचे काम केले.

अशा प्रवासांविषयी एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्याने कधी थापी हातात धरली नाही, अशा पाहुण्याच्या विमानाच्या तिकिटात गावातल्या किती गवंड्यांना किती दिवसांची मजुरी मिळाली असती? जी सेवा आठ-पंधरा दिवसांत आटोपते, ती नेमकी कोणाची गरज भागवते? हा प्रश्न आजचा नाही. ज्या माणसाने परदेशी जाऊन श्रमदान करण्याची ही चाल आधुनिक काळात रुजविली, त्याच्यासमोर तो भारतातच, बिहारच्या मातीत उभा राहिला होता. त्या माणसाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पिएर सेरेसोल यांचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाला. वडील पॉल सेरेसोल हे १८७३ साली स्विस संघराज्याचे अध्यक्ष होते. घराण्यात लष्करी सेवेची परंपरा होती आणि पुढे एक बंधू एर्नेस्ट हे सैन्यात कर्नल झाले. पिएर यांनी झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि डॉक्टरेट मिळविली. प्राध्यापकाची प्रतिष्ठित वाट समोर होती. परंतु त्यांचे मन तेथे रमले नाही. ते अमेरिकेला गेले, तेथे अंगमेहनतीची कामे केली, हवाई बेटांवर शिकविले, जपानमध्ये अभियंता म्हणून नोकरी केली आणि १९१४ साली, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर मायदेशी परतले. वडिलोपार्जित संपत्तीचा वाटा त्यांनी सरकारला देऊन टाकला, कारण आपण न कमावलेला पैसा बाळगणे त्यांना प्रशस्त वाटेना.

युद्धाच्या काळात एका शाळामास्तराने ख्रिस्ती श्रद्धेपोटी शस्त्र धरण्यास नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. त्या साध्या माणसाच्या धैर्याने सेरेसोल अंतर्मुख झाले. प्रकृतीच्या कारणाने त्यांना सैन्यातून सूट होती व त्याबदल्यात कर भरला की प्रश्न मिटत होता. त्यांनी तो कर भरण्यास नकार दिला आणि तुरुंगात गेले. पुढेही अनेक वेळा गेले. परंतु केवळ नकार देऊन त्यांचे समाधान होत नव्हते. सैनिक देशासाठी घरदार सोडतो, थंडीवाऱ्यात झोपतो, शिस्त पाळतो. युद्ध नको म्हणणाऱ्याने त्याहून कमी कष्ट का करावेत? त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा उगम, आमच्या मते, या एका प्रश्नात आहे.

१९२० साली हॉलंडमधील बिल्टहोवेन येथे निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती शांतिवाद्यांची परिषद भरली होती. भाषणे बरीच झाली असावीत, अशा परिषदांत ती होतातच. तेथे आलेल्या एका जर्मनाने, आपल्या देशाने फ्रान्समध्ये जे उद्ध्वस्त केले ते बांधून देण्यासाठी जाऊ या, अशी सूचना मांडली. सेरेसोल यांनी ती उचलून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेर्दनजवळच्या एस्न या बेचिराख खेड्यात एक लहानशी तुकडी दाखल झाली. तीत स्विस होते, इंग्रज होते आणि जर्मनही होते. चार वर्षांपूर्वी ज्या शिवारात जर्मन आणि फ्रेंच तोफा धडाडत होत्या, तेथे या मंडळींनी तोफगोळ्यांचे खड्डे बुजविले, लाकडी घरे उभारली, शेते नांगरणीयोग्य केली. सुमारे पाच महिन्यांनी अधिकाऱ्यांच्या विरोधामुळे त्यांना गाव सोडावे लागले. शत्रूच्या हातची मदत पचविणे जखमी देशाला जड जाते. याबद्दल फ्रान्सला फार दोष देण्याची आमची इच्छा नाही.

या पहिल्या, अर्धवट राहिलेल्या प्रयत्नातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना वाढली. १९२४ साली स्विस आल्प्समध्ये हिमकड्याखाली दबलेले एक खेडे तिने मोकळे केले. १९२८ साली लिख्टेनश्टाइनमध्ये ऱ्हाइनच्या पुराने गाळ आणि दगडगोटे यांखाली गेलेली शेते साफ करण्यासाठी सुमारे वीस देशांतून सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. या कामांत कर्नल एर्नेस्ट आपल्या कैदी भावाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लष्करी शिस्तीचा त्यांचा अनुभव शिबिरांना फार उपयोगी पडला.

१९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे थांबले. त्या मुक्कामात सेरेसोल यांचा त्यांच्याशी परिचय झाला. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. जमीन दुभंगून भूगर्भातील वाळू वर आली आणि पिकती शेते तिच्याखाली गेली, विहिरी भरून गेल्या. जमिनीची पातळी बदलल्यामुळे पूर्वी कोरड्या राहणाऱ्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी शिरू लागले. तेथील मदतकार्य बाबू राजेंद्र प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील समिती पाहत होती. सेरेसोल त्याच वर्षी भारतात आले, परिस्थिती पाहून गेले आणि मोजक्या युरोपीय सहकाऱ्यांसह परत आले. १९३७ पर्यंत ते वारंवार येऊन मुझफ्फरपूरच्या परिसरात राहिले.

येथे त्यांना युरोपात न भेटलेली अडचण भेटली. एस्नमध्ये हातांची वाण होती. बिहारमध्ये मात्र हात हवे तितके होते, काम नव्हते. उन्हात दोन तासांत थकणारा परदेशी पन्नाशीचा अभियंता एका स्थानिक मजुराइतकीही माती उपसू शकत नव्हता. त्याने फुकट राबणे म्हणजे एखाद्या उपाशी माणसाची मजुरी बुडविणे ठरले असते. म्हणून तेथील बांधकाम मुख्यत्वे गावकऱ्यांनी मजुरी घेऊन केले. परदेशी स्वयंसेवक आखणी, देखरेख आणि हिशेब सांभाळीत, आणि जमेल तेवढी टोपलीही उचलीत. सेरेसोल यांना ही मुकादमाची भूमिका रुचत नव्हती. गोऱ्या माणसाने उभे राहून हुकूम सोडावेत आणि काळ्या माणसाने वाकून राबावे, हे दृश्य त्या काळी भारतात दुर्मिळ नव्हते आणि नेमके तेच पुसण्यासाठी तर ते आले होते. म्हणून टोपली त्यांनी हातातून सोडली नाही. तिने बांधकाम किती पुढे सरकले, हा हिशेब येथे गौण आहे.

पुराच्या तोंडी असलेल्या वस्त्या उंच जागी हलविणे, हे बिहारमधील मुख्य काम होते. अशा नव्या वसाहतींपैकी एकीला शांतिपूर हे नाव मिळाले. गाव हलविणे हे घर बांधण्याहून कठीण असते. जागा कोणाची, मोबदला किती, शेत किती लांब पडणार, कोणाचे घर कोणाशेजारी, या प्रश्नांची उत्तरे विटांनी मिळत नाहीत. कोयना धरणात ज्यांची गावे बुडाली त्या सातारकरांना पुनर्वसन या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे, आणि महापुरानंतर कृष्णाकाठी गावठाण हलविण्याची चर्चा ज्यांनी ऐकली त्यांनाही तो कळतो. सेरेसोल यांना एकीकडे इंग्रज अधिकाऱ्यांशी, तर दुसरीकडे तुरुंगांतून सुटून आलेल्या काँग्रेस कार्यकर्त्यांशी बोलावे लागे. दोघांचाही विश्वास त्यांनी मिळविला. आठ दिवसांच्या पाहुण्याला हे साधले नसते. एकाहून अधिक पावसाळे गेले तेव्हा ते साधले.

वर्ध्यास जाऊन त्यांनी गांधीजींशी चर्चाही केली. ईश्वर आणि प्रार्थना यांवर ते मोकळेपणे, प्रसंगी शंका घेत बोलत. ते कॅथोलिक नव्हते. प्रोटेस्टंट घरात वाढले आणि पुढे क्वेकर झाले. चर्चसंस्थेवर त्यांनी केलेली टीका आम्हांस सर्वस्वी मान्य होणारी नाही. तथापि त्यांनी निवडलेली वाट आपल्या लोकांनीही चोखाळली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांसाठी फादर वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटन यांनी १९५३ साली तरुण स्वयंसेवकांचा बांधकाम संघ सुरू केला, तो याच जातीचा होता.

दुसऱ्या महायुद्धात सेरेसोल यांनी परवान्याविना जर्मनीची सीमा ओलांडली व त्याबद्दल कैद भोगली. प्रकृती खालावली होती. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, युद्ध संपल्यानंतर काही महिन्यांतच, त्यांचे निधन झाले.

त्यांची संघटना भारतात परत आली. १९५० साली तिचे स्वयंसेवक फाळणीतील निर्वासितांसाठी फरिदाबादला राबले, आणि त्याच दशकात एक तुकडी महाराष्ट्रात, वरोऱ्याजवळ आनंदवनात, बाबा आमटे यांच्याकडे आली. अनेक देशांच्या तरुणतरुणींनी कुष्ठरुग्णांबरोबर राहून, त्यांच्या पंगतीत जेवून दवाखान्याच्या इमारती उभारण्यास हात लावला. तोपर्यंत आनंदवनात पिकलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेत नसे. हे गोरे पाहुणे तीच भाजी रोज खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिले. इमारती रुग्णांनी पुढे आणखी कितीतरी बांधल्या, पाहुण्यांवाचून. पण भाजी त्यानंतर विकली जाऊ लागली.