कमलनयन बजाज

वर्धा शहरातील बजाजवाडी हे एके काळी साऱ्या देशाचे अतिथिगृह होते. सेवाग्रामला महात्मा गांधींच्या भेटीसाठी निघालेले थोर थोर पुढारी वाटेत येथेच उतरत. शेठ जमनालाल बजाज हे या अतिथिगृहाचे यजमान. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. कमलनयन हे या जमनालालजींचे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांचा जन्म २३ जानेवारी १९१५ रोजी झाला.

श्रीमंताच्या घरी जन्मूनही त्यांना श्रीमंताचे लाड लाभले नाहीत. असहकाराच्या चळवळीत जमनालालजींनी सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली. जानकीदेवींनी, म्हणजे कमलनयन यांच्या मातोश्रींनी, दागिने उतरविले आणि घरातील भारी विलायती वस्त्रांची होळी केली. अशा घरातील मुलाला इंग्रजी शाळेत कोण धाडणार? १९२१ साली विनोबा भावे वर्ध्यास आले. त्यांच्या आश्रमात या मुलाचे शिक्षण सुरू झाले. तेथे पहाटे उठावे लागे, सूत कातावे लागे आणि सफाईचे काम स्वतःच्या हाताने करावे लागे. ज्याच्या घरी नोकरचाकर होते, त्याला तेथे इतर मुलांच्या पंक्तीला बसून साधे अन्न खावे लागे. हे शिक्षण कठोर होते खरे. परंतु ते पुढे त्यांना उपयोगी पडले.

काही वर्षांनी ते शिक्षणासाठी परदेशी निघाले, तेव्हा गांधीजींनी त्यांना एक उपदेशपर पत्र लिहून दिले. थोडे बोलावे, सर्वांचे ऐकावे, पण जे योग्य वाटेल तेच करावे. वेळेचा व पैशाचा हिशेब ठेवावा. धनाचा गर्व करू नये, असा त्याचा आशय होता. पुढे कमलनयनजींनी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात अध्ययन केले आणि स्वदेशी परतून ते वडिलांच्या कामात साहाय्य करू लागले.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे अकस्मात निधन झाले. त्या वेळी कमलनयनजी अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यागी पित्याचा पुत्र होणे सोपे नसते. त्यातून पुत्र कारखानदार असेल तर अधिकच अवघड. कारखाना चालवायचा तर नफा हवा, आणि वडिलांचा वारसा तर सांगत होता की, संपत्ती ही समाजाची ठेव आहे. ही ओढाताण त्यांना जन्मभर सोसावी लागली.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वर्ध्याने लोकसभेवर श्रीमन्नारायण यांना पाठविले होते. ते कमलनयनजींचे मेहुणे, भगिनी मदालसा यांचे पती. १९५७ मध्ये ही जबाबदारी कमलनयनजींकडे आली. तेव्हा वर्धा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. १९६२ साली ते पुन्हा निवडून आले, तोवर महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. १९६७ साली मतदारांनी त्यांना तिसऱ्यांदा कौल दिला. एका मतदारसंघाने सलग तीन वेळा एकाच माणसावर विश्वास टाकावा, ही काही लहान गोष्ट नव्हे.

याच काळात त्यांचा उद्योगही विस्तारत होता. १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने तयार करण्याचा परवाना बजाज कंपनीस मिळाला, आणि पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला.

१९६९ साल मात्र कसोटीचे ठरले. त्या वर्षी काँग्रेस पक्ष दुभंगला. एका बाजूस पंतप्रधान इंदिरा गांधी, तर दुसऱ्या बाजूस पक्षसंघटनेतील जुने नेते. बजाज व नेहरू या घराण्यांचा स्नेह फार जुना होता. कमलनयनजींच्या मुलाचे राहुल हे नावही पंडित नेहरूंनीच सुचविले, असे त्या कुटुंबात सांगत. एवढा घरोबा असता सत्तेच्या बाजूने राहणे कोणालाही सोपे वाटले असते. कारखानदाराला तर पदोपदी सरकारी परवान्यांची गरज असे. तरीही कमलनयनजींनी संघटनेच्या काँग्रेसची बाजू घेतली. ज्या पक्षाच्या बाकांवर ते बारा वर्षे बसले, त्याच्या समोरच्या बाजूस आता त्यांना बसावे लागले. त्यांचा निर्णय राजकीयदृष्ट्या बरोबर होता की चूक, यावर मतभेद होऊ शकतील. तो स्वार्थासाठी घेतलेला नव्हता, एवढे मात्र उघड आहे.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाली आणि त्यांची खासदारकी संपली. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. वर्ध्याची जागाही त्याच पक्षाकडे गेली.

१ मे १९७२ रोजी कमलनयनजींचे निधन झाले. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीची चेतक ही स्कूटर बाजारात आली. मुलांनो, तुमच्या आजोबांना विचारा. त्यांच्यापैकी कित्येकांनी ती मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली असेल.