सुटे धागे

सुताचे धागे एकमेकांत विणले तरी सुटेच राहतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मेंदूबाबत हेच सिद्ध करायला स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना झगडावे लागले. जन्म १८५२चा. वेड चित्रकलेचे, पण डॉक्टर वडिलांनी आधी न्हाव्याच्या दुकानात, मग बूट शिवायला धाडले, शेवटी डॉक्टर केले.

१८८७मध्ये त्यांनी इटलीच्या गोल्जींच्या पद्धतीने, चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या मज्जापेशी पाहिल्या. मेंदू एकसंध जाळे आहे, असे गोल्जी मानत. काहालांनी पेशी हाताने रेखाटल्या. १८८८मध्ये त्या सुट्या असल्याचे दाखवले. १९०६चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, तरी गोल्जींचा विरोध कायम होता.

काहाल १९३४मध्ये गेले. पेशींमधली फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५०च्या दशकात दाखवली. वडिलांना नको असलेली चित्रकलाच मुलाच्या कामी आली!