शिकारी महाराज आणि कुनोचे सिंह

ग्वाल्हेरचे माधव महाराज हे नाव आपल्या जुन्या मराठी घरांतून अजूनही आदराने घेतले जाते. लष्करच्या वाड्यांतून ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांच्याकडे महाराजांविषयीच्या गोष्टींना तोटा नाही. जेवणाच्या मेजावरून फिरणारी रुप्याची आगगाडी, स्वतः इंजिन चालविण्याची हौस, दरबारी थट्टामस्करी आणि कामातला काटेकोरपणा, हे सर्व आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे. त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण मात्र सहसा कोणी सांगत नाही. नाहीसे झालेले सिंह आपल्या रानात पुन्हा नांदवावेत म्हणून महाराजांनी मोठा खर्च केला, आणि तो बेत फसला. आज पुन्हा त्याच रानात परदेशचे प्राणी आणले गेले आहेत. म्हणून त्या प्रकरणाची उजळणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव शिंदे १८८६ मध्ये निवर्तले तेव्हा हे अवघे नऊ वर्षांचे होते. राज्यकारभार काही वर्षे कौन्सिलकडे राहिला आणि १८९४ साली पूर्ण अधिकार महाराजांच्या हाती आले. अठरा वर्षांच्या त्या तरुणास यंत्रांचे विलक्षण वेड होते. पण ते वेड नुसत्या खेळण्यापुरते राहिले नाही. दोन फुटी रुळांच्या छोट्या आगगाडीचे जाळे त्यांनी राज्यात पसरविले. ती गाडी १९०९ साली थेट श्योपुरापर्यंत पोहोचली आणि २०२० पर्यंत त्या वाटेवर धावत होती. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचा उठाव झाला तेव्हा महाराजांनी 'ग्वाल्हेर' नावाचे रुग्णालयाचे जहाज सज्ज करून दिले व स्वतःही मोहिमेवर गेले. तलाव-बंधारे बांधणे, शेतीस पाणी पुरविणे, कचेऱ्यांची जातीने तपासणी करणे यांत त्यांचा बराच काळ जाई. मातुःश्री सख्याराजे यांच्यावर त्यांची अपार भक्ती. शिवपुरीचा सख्यासागर त्याच नावाचा, आणि आज मायलेकांच्या छत्र्या त्याच गावी समोरासमोर उभ्या आहेत.

शिवपुरी ही उन्हाळ्यातील राजधानी खरी, पण ती निवडण्यात रानाचा वाटा मोठा होता. महाराज शिकारीचे भोक्ते होते. त्या काळी व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि विलायतेचे राजपुत्र ग्वाल्हेरास येत ते पुष्कळदा वाघाच्या आशेने. संस्थानाचे शिकारखाते शिस्तीत पलटणीच्या तोडीचे होते. कोणत्या ओढ्यात वाघ आहे, हाका कोठून उठवायचा, मचाण कोठे बांधायचे, याची नोंद खात्याच्या माणसांना तोंडपाठ असे. महाराजांनी व्याघ्रशिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. ते १९२० साली प्रसिद्ध झाले. शेकडो वाघ मारणाऱ्या या राजास जंगलाचे ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. उलट रान राखले तरच शिकार राहते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राखीव रानात परवानगीवाचून बंदूक चालत नसे, आणि शिवपुरीचे जंगल टिकले त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या बंदोबस्तास द्यावे लागते.

सिंहाचे प्रकरण येथूनच सुरू होते. मध्य हिंदुस्थानात पूर्वी सिंह होते. गुण्याच्या बाजूस ते १८७० च्या दशकापर्यंत आढळत. पुढे बंदुकांनी आणि उजाड झालेल्या रानांनी त्यांचा नायनाट केला, आणि उभ्या देशात केवळ जुनागडच्या गीर जंगलात थोडे उरले. लॉर्ड कर्झन १९०० साली काठेवाडात गेले तेव्हा सिंहांची संख्या किती घटली आहे हे ऐकून त्यांनी शिकारीचा बेत सोडून दिला. ग्वाल्हेरच्या रानात सिंह पुन्हा वसवावेत, ही सूचना त्यांनीच महाराजांस केली. महाराजांनी ती उत्साहाने उचलली. परंतु जुनागडहून सिंह मिळण्याचा योग नव्हता. तेव्हा आफ्रिकेतून सिंह आणविण्याचे ठरले, आणि त्यासाठी खास माणूस नेमून समुद्रापार पाठविण्यात आला.

आलेले सिंह श्योपुराकडील कुनोच्या खोऱ्यात उंच दगडी भिंतींच्या आवारांत ठेवले गेले. त्या आवारांचे भग्नावशेष आजही तेथे पाहावयास मिळतात. सिंह सरावले, त्यांना छावे झाले, की भिंतींबाहेर सोडावयाचे, असा बेत होता. तो कागदावर निर्दोष दिसतो. पण बंदिस्त जागेत माणसाच्या हातचे मांस खाऊन वाढलेल्या जनावरास रानातली हरणे-सांबरे मारण्याचा अभ्यास कसा व्हावा? माणसाची भीती तर त्याला उरलेलीच नव्हती. बाहेर पडल्यावर सिंहांनी आधी गुरे धरली, मग माणसे. काही परत पकडून आणले, पुन्हा सोडले; पुन्हा तोच प्रकार घडला. ते दूरदूर पांगले, आणि अखेरीस एकेक करून बंदुकीस बळी पडले. सिंह आणणारा शिकारी होता, आणि सिंहांचा शेवट करणाऱ्याही शिकाऱ्यांच्याच बंदुका होत्या.

या काळात रयतेची अवस्था काय झाली असेल? कुनोच्या रानातील वस्ती बहुतेक सहरिया आदिवासींची. डिंक, मध, मोहाची फुले वेचणारी ही माणसे दिवस उगवताच रानात शिरत. त्यांच्या घराला दगडी भिंत नव्हती. काट्याचे कुंपण आणि रात्रभर पेटती शेकोटी एवढाच त्यांचा बंदोबस्त. वाघ त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. त्याच्या वाटा, त्याचे पाणवठे, त्याच्या खोडी ते ओळखून होते. हे नवे जनावर मात्र सरकारी होते. त्याला मारावे तर अपराध, न मारावे तर गाय जाते, अशा पेचात तो माणूस सापडला. असे काही करण्यापूर्वी रयतेस विचारण्याची रीत त्या काळी कोणत्याच संस्थानात नव्हती. पुढे महाराजांनी मजलिस-ए-आम नावाची सल्लागार सभा स्थापून प्रजेस थोडाबहुत आवाज दिला, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण होय. पण सिंह आले ते त्याच्या आधी, आणि ते आले केवळ महाराजांच्या इच्छेने.

एका माणसाच्या इच्छेऐवजी सर्वांच्या मताने असे प्रश्न सोडविले तर? अमेरिकेतील कोलोराडो राज्याने हाही प्रयोग करून पाहिला. तेथील लांडगे १९४० च्या दशकात संपले होते. ते परत आणावेत की नाही, यावर ३ नोव्हेंबर २०२० रोजी जनतेचे मतदान झाले. विरोधात पुढे होते ते शिकारी आणि गुरांचे मोठे कळप राखणारे. लांडगे एल्क जातीची हरणे खातील, मग शिकार उरणार नाही. शिकारीच्या परवान्यांतून वन्यजीव खात्यास पैसा मिळतो, तोही आटेल. आणि रानातील जनावराचा निवाडा जाणकारांनी करावा, मतपेटीने नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. उलट पक्ष म्हणे की रान सर्वांचे आहे, आणि लांडगा नाहीसा झाल्याने हरणांचे कळप माजून झाडोऱ्याची नासाडी होते. निकाल लागला तो शेकडा ५१ विरुद्ध ४९ असा निसटता. लांडगे हवेत म्हणणारी मते बहुतांशी मोठ्या शहरांतली, आणि लांडगे जाणार होते त्या पश्चिमेकडील डोंगरी भागातील बहुतेक तालुक्यांनी नकार दिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले लांडगे सोडले गेले. एका जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तजवीज कायद्याने झाली, तरीही तंटा मिटलेला नाही.

मग ग्वाल्हेर आणि कोलोराडो यांत फरक कोणता? एकीकडे शिकाऱ्यास हिंस्र प्राणी हवा होता, दुसरीकडे नको होता. एकीकडे एकाने ठरविले, दुसरीकडे लाखोंनी. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच राहिली: ज्याच्या गोठ्यापाशी ते जनावर येणार, त्याचा शब्द निर्णायक ठरला नाही. बहुमत ही मोठी गोष्ट खरी. परंतु दूरच्या शहरातील बहुमतही गोठ्यातील माणसाला राजाज्ञेसारखेच वाटू शकते.

आपल्याकडे असे जनमत घेण्याची प्रथा नाही. तथापि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला महत्त्व दिले, आणि वन्यप्राण्यांसाठी रान मोकळे करावयाचे तर गावाची लेखी संमती घेतली पाहिजे असे बंधन घातले. ही तरतूद किती प्रामाणिकपणे पाळली जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे आपले मराठी बोलणारे तालुके घ्या. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, कापूस आणि दावणीची गुरे यांवर तेथला संसार चालतो. पेंचचे व्याघ्ररान छिंदवाडा आणि सिवनी जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्या मुलखातील शेतकऱ्याला वाघ म्हणजे काय हे चित्रातून शिकविण्याची गरज नाही. तेथे वाघ कोणी बाहेरून आणलेला नाही, आणि म्हणूनच गाय गेली तर माणूस हळहळतो, भरपाईचा अर्ज करतो, पण रान आपले मानतो. उद्या त्याच रानात एखादे विसरलेले श्वापद परत आणावयाचे झाल्यास पांढुर्ण्याच्या बाजारात आणि सौसरच्या चावडीवर आधी चर्चा व्हावी, एवढी अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.

कुनोची कथा महाराजांबरोबर संपली नाही. गीरचे सिंह तेथे आणावेत म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्या रानातील चोवीस गावे उठविण्यात आली. त्यांत बहुतेक सहरियाच होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सिंह हलविण्याचा आदेशही दिला, पण ते आले नाहीत. त्यांच्या जागी १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते आले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा. ज्यांनी सिंहासाठी घर सोडले, त्यांच्या रानात चित्ता आला. महाराजांच्या लाडक्या शिवपुरीतून वाघही पुढे नाहीसा झाला होता. मार्च २०२३ मध्ये तेथे बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले आणि २०२५ साली ते माधव अरण्य व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. शेकडो वाघ टिपणाऱ्या राजाच्या नावाने वाघ राखले जावेत, हा काळाचा न्याय विलक्षण आहे.

महाराजांचे देहावसान ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. चिरंजीव जिवाजीराव तेव्हा लहान होते. शिवपुरीच्या छत्रीत आजही त्यांची सेवा राजेशाही थाटाने चालते. त्यांच्या सिंहांच्या प्रयोगाला निव्वळ लहर म्हणून हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. नाहीसे झालेले जनावर परत आणले पाहिजे, हा विचार आपल्या देशात मनावर घेऊन त्यासाठी पैसा व परिश्रम खर्चणाऱ्या पहिल्या राजांपैकी ते होते. त्यांच्याकडे धन होते, शिकारखाते होते, व्हाइसरॉयची सदिच्छा होती. उणीव होती ती दोन गोष्टींची: जनावराला रानाची ओळख नव्हती, आणि रानातील माणसाला या बेतात जागा नव्हती. पहिली उणीव आजचे शास्त्र पुष्कळशी भरून काढू शकते. दुसरी भरून काढणे मात्र शास्त्राचे काम नव्हे. ते राज्यकर्त्यांचे आणि आपल्यासारख्या, रानापासून दूर सुरक्षित बसून सिंह-वाघांचे कौतुक करणाऱ्या, नागरिकांचे आहे.