आचार्य जगदीशचंद्र बोस आणि पोकळ नळीतल्या लहरी

चलथाणला स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत, मुलांना कोणत्या माध्यमात घालावे हा विषय दरवर्षी जूनमध्ये निघतोच. मातृभाषेत शिकून विज्ञान जमेल का, ही आईवडिलांची खरी काळजी असते. म्हणून या वेळी आम्ही जगदीशचंद्र बोस यांची ओळख करून देत आहोत.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. ऐपत असूनही त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. पुढे जगदीशचंद्र केंब्रिजला लॉर्ड रॅले यांच्याकडे शिकले. १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा पगार कमी ठरला, म्हणून त्यांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही, शिकवणे मात्र थांबवले नाही. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह दिला.

१८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये तारेशिवाय, केवळ लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम करताना त्यांनी धातूच्या पोकळ नळ्या वापरल्या. अशा नळीला आज वेव्हगाइड म्हणतात. १८९७ मध्ये रॅले यांनी तिचे गणित मांडले. आपल्या छतावरच्या डिशच्या तोंडाशीही अशी छोटी नळी असते.

या नळीची भिंत कशी असावी? उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या कल्हईसारखे आहे. पातेले पितळेचे असले तरी अन्नाचा संबंध आतल्या कल्हईशीच येतो. विजेचा प्रवाह वेगाने दिशा बदलू लागला की धातूच्या आत त्याला विरोध करणारे प्रवाह तयार होतात आणि तो पृष्ठभागाकडे ढकलला जातो. यालाच स्किन इफेक्ट म्हणतात. घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी तांब्यात ही खोली सुमारे ९ मिलिमीटर असते. १० गिगाहर्ट्झला ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी होते. म्हणून नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची चालते, आतून चांदीचा पातळ मुलामा पुरतो. जाडी ठरते ती मजबुतीसाठी. पण आतली बाजू गुळगुळीत हवी. ती खडबडीत असेल तर प्रवाहाला चढउताराची लांब वाट पडते आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत वाया जाते.

१९१७ मध्ये बोस यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९२१ मध्ये त्यांचे बंगाली लेख ‘अव्यक्त’ या नावाने पुस्तकरूपात आले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

शाळा गुजराती असो वा इंग्रजी, तो निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा. पण विज्ञानाचा एखादा प्रश्न रात्री जेवताना मराठीत निघावा, एवढीच आमची सर्व सभासदांना विनंती आहे.