पीटर डँकवर्ट्स : सेकंदांशी झुंजलेले प्राध्यापक

लंडन, १९४०. हवाई छत्रीने पडलेल्या जर्मन सुरुंगाचे घड्याळ सुरू झाले की पळायला जेमतेम काही सेकंद मिळत. ऑक्सफर्डचे रसायनपदवीधर आणि नौदलातील तरुण अधिकारी पीटर डँकवर्ट्स यांनी सुमारे ४८ तासांत असे १६ सुरुंग हाताळले. ‘जॉर्ज क्रॉस’ने त्यांचा गौरव झाला.

युद्धानंतर ते अमेरिकेतील एमआयटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकले. वायू शोषणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग सतत नवा होत राहतो, हा त्यांचा १९५१ मधील सिद्धान्त. रिअॅक्टरमध्ये पदार्थ किती काळ राहतो, याचे गणित त्यांनी १९५३ मध्ये मांडले. १९५९ पासून १९७७ पर्यंत ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते. त्यांचे शिष्य मनमोहन शर्मा १९६४ मध्ये मुंबईच्या ‘यूडीसीटी’त प्राध्यापक झाले आणि ही विद्या माटुंग्यात रुजली. डँकवर्ट्स यांचे १९८४ मध्ये निधन झाले.